दारातलं पार्सल, मोबाईलमधला व्हिडिओ आणि शेजाऱ्याची साक्ष

शिरोली एमआयडीसी (कोल्हापूर) : पार्सल कुणाच्या दारात ठेवलं यावरून दोन घरांत भांडण होणं ही काही बातमी नाही. पण त्या भांडणाचा व्हिडिओ निघतो, तो ग्रुपवर पडतो, त्यात नाव आणि धर्म मिसळतो आणि मग 'हा व्हिडिओ खरा की एआयनं बनवलेला?' असा दुसरा वाद सुरू होतो. तेव्हा ते भांडण दोन घरांपुरतं राहत नाही. गेल्या काही वर्षांत कोल्हापूर जिल्ह्यानं एका स्टेटसची, एका क्लिपची किंमत किती असते हे पाहिलं आहे. म्हणून हा विषय किरकोळ समजून सोडून देता येत नाही.

शिरोली एमआयडीसी हे या विषयासाठी अगदी योग्य ठिकाण. पुणे-बंगळुरू महामार्गाला लागून, पंचगंगेच्या अलीकडे पलीकडे फाउंड्री आणि मशीन शॉप. कामगार पाळ्यांमध्ये येतात-जातात. आजूबाजूच्या गावांतले आहेत, तसे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेलेही आहेत. खोल्या भाड्याच्या, शेजारी दर वर्षी बदलणारे. पत्ता म्हणजे 'अमुक कंपनीच्या मागं, टपरीच्या बोळात'. त्यात जिल्ह्यात शिरोली पुलाची आहे, शिरोली दुमाला आहे आणि शिरोळ तालुका वेगळाच आहे. बाहेरून आलेल्या रायडरला हा फरक कळेपर्यंत दोन फेऱ्या होतात. माणूस पहिल्या पाळीला कामावर, घराला कुलूप. मग फोनवर एकच वाक्य ठरलेलं, "शेजारी ठेवा की."

या 'शेजारी ठेवा की' मध्ये बराच विश्वास आहे. आणि आज तोच पणाला लागला आहे.

एक प्रसंग कल्पून बघू. यात कुणाचं नाव-गाव नाही, पण आपल्याच गल्लीतला वाटला तर नवल नाही. चौथ्या खोलीतल्या कामगारानं मिक्सर मागवला. पैसे आधीच भरलेले. दुपारी रायडर आला, फोन केला, पार्सल पाचव्या खोलीपाशी ठेवून गेला. संध्याकाळी पाचव्या खोलीवाला म्हणतो, माझ्याकडं काही आलं नाही. अ‍ॅपवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय, सोबत एका दाराचा फोटो. घरमालकाच्या सीसीटीव्हीत बारा सेकंदांची क्लिप सापडते, कुणीतरी खोकं उचलतोय, चेहरा नीट दिसत नाही. कुणीतरी त्या स्क्रीनचंच मोबाईलवर शूटिंग करतो आणि ग्रुपवर टाकतो. खाली पहिली कमेंट, "हा तोच, दाढीवाला." ज्याच्याकडं बोट आहे तो म्हणतो, "हे मी नव्हेच, आजकाल एआयनं काहीपण बनवतात." समोरचा म्हणतो, "पकडलं की एआय म्हणायचं, ही बरी युक्ती आहे."

आता सांगा, या दोघांत खरं कोण बोलतंय? क्लिप बघून ते ठरवता येत नाही. पूर्वी व्हिडिओ हा वादाचा शेवट असायचा. आता तिथून वाद सुरू होतो.

मीरा रोडचा व्हिडिओ

डिलिव्हरी, शेजार आणि व्हिडिओ या तिन्ही गोष्टी एकत्र आलेलं महाराष्ट्रातलं एक खरं प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. एप्रिल २०२०, पहिला लॉकडाऊन. ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोड इथं एक मुस्लिम डिलिव्हरी कामगार किराणा घेऊन ग्राहकाच्या दारात गेला. घरातल्या पुरुषानं त्याचं नाव विचारलं आणि नाव ऐकल्यावर त्याच्या हातून सामान घ्यायला नकार दिला. कामगारानं हा प्रकार मोबाईलवर टिपला आणि काशिमीरा पोलिसांकडं तक्रार दिली. पोलिसांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली, म्हणजे त्या वेळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ नुसार गुन्हा नोंदवून त्या माणसाला अटक केली.

हे इतक्या लवकर झालं कारण व्हिडिओ होता. नाहीतर एकट्या कामगाराचा शब्द विरुद्ध सोसायटीतल्या फ्लॅटधारकाचा शब्द. अशा सामन्यात कुणाचा शब्द जड ठरतो हे वेगळं सांगायला नको. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०१९ मध्ये, जबलपूरच्या एका ग्राहकानं रायडर मुस्लिम आहे म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली होती. तिथं पुरावा ग्राहकानं स्वतःच ट्विट करून दिला होता, त्यामुळं प्रश्न आला नाही. मीरा रोडला मात्र कामगाराच्या हातातला फोन हाच त्याचा साक्षीदार होता.

आता तेच प्रकरण आज घडलं तर काय होईल? पहिल्या तासात व्हिडिओ व्हायरल होईल. दुसऱ्या तासात समोरून उत्तर येईल, "हा एआय व्हिडिओ आहे, आवाज माझा नाही." त्यावर विश्वास ठेवणारे लोकही भेटतील. कामगार गुन्हा सिद्ध करायचं सोडून आधी आपला व्हिडिओ खरा आहे हे सिद्ध करत बसेल. ज्याच्याकडं वकील नाही, वेळ नाही, एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाची कमाई बुडणार, त्याला हे कसं झेपायचं?

दाराचा कॅमेरा नकली करणं सोपं

एआय व्हिडिओ म्हटलं की आपल्याला नेत्याचं खोटं भाषण आठवतं. पण नकली करायला सगळ्यात सोपा प्रकार आहे तो दारावरच्या कॅमेऱ्याचा. कारण उघड आहे. कॅमेरा एकाच जागी, चित्र अंधुक, माणूस लांब, ओठ दिसत नाहीत, क्लिप दहा-बारा सेकंदांची आणि कोपऱ्यात तारीख-वेळ. एआयच्या ज्या चुका एरवी डोळ्यांना खटकतात, म्हणजे बोटं, दात, पापण्या, त्या अशा चित्रात झाकून जातात. खराब व्हिडिओ आपल्याला उलट जास्त खरा वाटतो, कारण खरे सीसीटीव्ही खराबच दिसतात.

जुलै २०२५ मध्ये रात्रीच्या कॅमेऱ्यात टिपल्यासारखा दिसणारा, अंगणातल्या ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्या सशांचा एक व्हिडिओ जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिला. अनेकांनी तो खरा मानला. तो एआयनं बनवलेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात गुगलचं व्हिओ ३ आलं, त्यात चित्रासोबत आवाजही तयार होतो. सप्टेंबरअखेर ओपनएआयचं सोरा २ आलं. म्हणजे वर्षभरात ही गोष्ट स्टुडिओतून निघून खिशात आली.

डिलिव्हरीच्या धंद्यातही ती शिरली आहे. २०२५ च्या अखेरीस अमेरिकेत ऑस्टिन शहरातल्या एका ग्राहकानं तक्रार केली, की डोअरडॅश कंपनीच्या रायडरनं ऑर्डर आणून दिलीच नाही, उलट त्याच्या दारात पार्सल ठेवल्याचा एआयनं केलेला फोटो पुरावा म्हणून टाकला. कंपनीनं त्या रायडरचं खातं बंद केलं. याच्या उलट प्रकारही आपल्याकडं चर्चेत आहेत, चांगली वस्तू एआयनं फुटकी दाखवून पैसे परत मागायचे. म्हणजे ग्राहक, रायडर, शेजारी, दुकानदार, कुणीही कुणालाही खोटं पाडू शकतो. सगळ्यांच्या हातात सारखंच हत्यार आहे. पण सगळ्यांना लागणारी जखम सारखी नाही.

नुकसान कुणाचं?

रॉबर्ट चेस्नी आणि डॅनियल सिट्रन या दोन अमेरिकन कायदेतज्ज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात या धोक्याची सूचना दिली होती. नकली व्हिडिओ वाढले, की खोटं बोलणाऱ्याचा त्यात आणखी एक नफा असतो, असं त्यांचं म्हणणं. लोकांना एकदा कळलं की व्हिडिओ नकली असू शकतो, की अपराधी खऱ्या व्हिडिओलाही नकली म्हणून मोकळा होतो.

आपल्या समाजाच्या बाबतीत हा तोटा दुहेरी आहे. आपल्याविरुद्धचा खोटा व्हिडिओ लगेच खरा मानला जातो आणि आपल्या बाजूचा खरा व्हिडिओ लगेच संशयात जातो.

पहिल्या गोष्टीसाठी तर एआयचीही गरज नव्हती. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या रायसेनच्या एका मुस्लिम फळविक्रेत्याचा व्हिडिओ कोरोनाशी जोडून देशभर फिरवला गेला. व्हिडिओ लॉकडाऊनच्या आधीचा, फेब्रुवारीतला होता. चित्र खरं, तारीख खोटी. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून जो व्हिडिओ फिरत होता तो कराचीत बनवलेल्या जनजागृती फिल्मचा तुकडा होता, शेवटचा संदेशाचा भाग कापलेला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भटके लोक होते. ते मुस्लिम नव्हते. अफवेला धर्म नसतो, तिला फक्त परका माणूस लागतो. शिरोलीतला परप्रांतीय कामगार काय आणि दारोदार फिरणारा रायडर काय, दोघंही परकेच.

कोल्हापूरचं सांगायचं तर जून २०२३ फार लांब गेलेला नाही. मोबाईल स्टेटसवरून वाद पेटला, ७ जूनला बंद पुकारला गेला, छत्रपती शिवाजी महाराज चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला आणि इंटरनेट बंद करावं लागलं. नेट बंद म्हणजे अ‍ॅप बंद, अ‍ॅप बंद म्हणजे ऑर्डर नाही. स्टेटस ठेवलं कुणी आणि रोजगार बुडाला कुणाचा! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसा झाली, मशिदीवर हल्ला झाला, एका मुस्लिम तरुणाचा जीव गेला. त्यानं काय पाहिलं होतं, काय फॉरवर्ड केलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

आता दुसरी बाजू. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरच्या मुसलमानवाडीत घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. त्या दिवशीचे व्हिडिओ होते म्हणून नेमकं काय घडलं ते बाहेर कळलं. पुढं मुंबई उच्च न्यायालयात सुनावणीच्या वेळी ते दाखवण्यातही आले. त्या कुटुंबांच्या बाजूनं बोलणारी ती मोठी गोष्ट होती. असे व्हिडिओ उद्या 'एआय आहे' या एका शब्दावर उडवून लावले गेले तर? म्हणून 'आजकाल सगळंच एआय असतं' असं सहज म्हणून जाणं आपल्याला परवडणारं नाही. हे वाक्य जितकं रूढ होईल तितका दुबळ्याचा पुरावा दुबळा होईल.

पण याचा अर्थ आपल्या बाजूचा प्रत्येक व्हिडिओ डोळे झाकून खरा मानायचा असाही नाही. आपल्या ग्रुपवरही अन्यायाचे खोटे व्हिडिओ येतात, दुसऱ्या देशातले, जुने, आता एआयचे. ते आपण रागाच्या भरात पुढं ढकलतो. त्यातला एक जरी खोटा निघाला, तरी पुढच्या वेळी आपला खरा व्हिडिओ कुणी ऐकून घेत नाही. तोटा पुन्हा आपलाच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये कोल्हापूर शहरात खरोखरचा बिबट्या शिरला होता. त्याच सुमारास राज्यात एआयनं केलेल्या बिबट्यांचे फोटो आणि व्हिडिओ एवढे फिरत होते, की वन विभागाला लोकांना आवाहन करावं लागलं. खरा बिबट्या आणि खोटा बिबट्या एकाच मोबाईलवर, एकाच दिवशी. खोट्यावर विश्वास ठेवला तर पळापळ होणार आणि खऱ्यावर ठेवला नाही तर जीव जाणार. माणसांच्या भांडणात काही वेगळं घडत नाही.

कोर्टात व्हिडिओ एकटा उभा राहत नाही

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? याचं उत्तर कायद्यानं आधीच दिलं आहे आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण आपल्याच राज्यातलं, जालन्याचं आहे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. पराभूत झालेले काँग्रेसचे कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, खोतकर यांचा अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर दाखल झाला. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं व्हिडिओ चित्रीकरण. पण चित्रीकरणाच्या सीडीसोबत कायद्यानं लागणारं प्रमाणपत्र नव्हतं, मागूनही अधिकारी देत नव्हते. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण दिल्लीला गेलं आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी नियम पक्का केला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकानं साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि एखाद्यानं हरतऱ्हेचे प्रयत्न करूनही संबंधितानं प्रमाणपत्र दिलं नाही, तर त्याला दोष देता येणार नाही. खोतकर यांचं अपील फेटाळलं गेलं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यातलं कलम ६३ याच विषयाचं आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये टाचणीएवढा बदल झाला तरी हा ठसा बदलतो.

सामान्य माणसासाठी याचा अर्थ असा, की व्हिडिओ स्वतःची साक्ष स्वतः देऊ शकत नाही. त्याच्या मागं एक माणूस उभा राहावा लागतो, जो सांगेल की हा कॅमेरा माझा, तो चालू होता, ही फाइल मी काढली, यात फेरफार नाही. यंत्र कितीही नवं असलं तरी शेवटी सही माणसाचीच लागते.

आणि इथंच आपण नेहमी चुकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो, फाइल बदलते, तिचा ठसा बदलतो. सीसीटीव्हीच्या स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग केलं तर ती नकलेची नक्कल होते. त्यावर गाण्याची पट्टी आणि लाल बाण टाकला तर पुराव्याचं रील होतं. चार हजार लोकांनी पाहिलं, पण कोर्टात दाखवायला हातात काही नाही. तोवर डीव्हीआरमधलं मूळ चित्रीकरण त्यावरच नवीन चढून पुसलेलं असतं.

लेबलचा उपयोग किती?

सरकारनंही या प्रश्नात हात घातला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानं माहिती तंत्रज्ञान नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा आणला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये ती दुरुस्ती लागू केली. एआयनं बनवलेल्या चित्र-आवाजावर तसं स्पष्ट लेबल लावणं बंधनकारक झालं आणि सरकारी किंवा न्यायालयीन आदेशानंतर बेकायदा मजकूर हटवण्याची मुदत तीन तासांवर आणली गेली.

पाऊल योग्य आहे, पण आपल्या गल्लीत ते किती पोचेल? लेबल असलेला व्हिडिओ स्क्रीनवरून पुन्हा शूट केला, कडा कापल्या, की लेबल गेलं. ज्याला आग लावायची आहे तो लेबल ठेवणार नाही. उलट धोका असा, की लेबल नाही म्हणजे खरा, असं लोक धरून चालतील. तपासणीच्या सोयीचंही तसंच. डीपफेक तपासून देणारी एक व्हॉट्सअ‍ॅप सेवा मार्च २०२४ मध्ये देशात सुरू झाली तेव्हा तिच्या भाषा इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू होत्या. त्यात मराठी नव्हती.

रायडरची बाजू

या भांडणात रायडरचा विचार सगळ्यात शेवटी होतो. पार्सल हरवलं तर ग्राहक अ‍ॅपवर तक्रार करतो, पैसे परत मिळतात, विषय संपला. पण तिकडं रायडरची आयडी ब्लॉक होऊ शकते. एका क्लिपमध्ये त्याच्यासारखा कुणी दिसला, ती कंपनीपर्यंत गेली, तर त्याचं म्हणणं ऐकणारं कोण? त्याला साहेब नाही, ऑफिस नाही, आहे तो फक्त चॅट.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात गिग कामगार हा शब्द कायद्यात आला आणि कल्याण निधीची सोय झाली. पण कामावरून काढण्याआधी त्याचं ऐकून घ्या, हा प्रश्न वेगळा. निपाणीच्या हद्दीपलीकडं कर्नाटकानं २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला, त्यात कारण लेखी देणं आणि चौदा दिवसांची नोटीस देणं आलं. कागलच्या अलीकडच्या रायडरलाही असं संरक्षण हवं, ही मागणी धर्माची नाही, पोटाची आहे. आणि ती करताना शिरोलीतल्या सगळ्या जातीधर्माचे रायडर एका बाजूला उभे राहू शकतात.

शेजारी हाच साक्षीदार

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. व्हिडिओवर भरवसा उरला नाही, तर भरवसा ठेवायचा कशावर? उत्तर जुनंच आहे. माणसावर, म्हणजे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याच्यावर. दुपारी दोन वाजता रायडर कुठल्या दारापाशी थांबला होता, हे समोरच्या खोलीतल्या मावशींनी पाहिलेलं असतं. टपरीवाल्यानं पाहिलेलं असतं. कॅमेरा नकली करता येतो, पण तीन वेगवेगळ्या घरांतली, तीन वेगवेगळ्या समाजांतली माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती नकली करणं फार अवघड असतं.

पण ही साक्ष द्यायला माणूस पुढं येतो कधी? शेजार टिकलेला असेल तरच. पार्सलवरून अबोला धरलेला शेजारी उद्या आपल्यावर खोटा आळ आला तर 'मला काय करायचंय' म्हणून दार लावून घेतो. हजार रुपयांच्या मिक्सरपायी आपण आपला साक्षीदार गमावतो. आजच्या काळात तो तोटा फार मोठा आहे.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी छाननी करा, नाहीतर न कळत कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद आहे. मुफस्सिर तिच्यामागचा प्रसंग सांगतात तो विचार करण्यासारखा आहे. जकात गोळा करायला पाठवलेला माणूस, स्वागताला पुढं आलेले लोक पाहून दचकला, मागं फिरला आणि ते जकात नाकारून जिवावर उठले आहेत अशी खबर घेऊन आला. मोठा संघर्ष व्हायची वेळ आली होती, चौकशी केल्यावर खरं कळलं. दारात आलेला माणूस, गैरसमज आणि घाईनं पुढं गेलेली खबर. चौदाशे वर्षांत फक्त मोबाईल नवा आला आहे.

तेव्हा करायचं काय, ते थोडक्यात :

ओटीपी सामान हातात आल्याशिवाय सांगू नये. शेजारी ठेवायला सांगितलं तर त्याच वेळी शेजाऱ्यालाही फोन करावा आणि शेजाऱ्यानं 'मिळालं' एवढा एक मेसेज टाकावा. निम्मी भांडणं इथंच संपतात.

वाद झालाच तर आधी ग्रुपवर नाही, समोरासमोर बसावं. घरमालक आणि दोन्ही बाजूंचा एकेक जाणता माणूस सोबत घ्यावा.

क्लिप असेल तर मूळ फाइल डीव्हीआरमधून पेनड्राइव्हवर काढावी. पाठवायचीच झाली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, मोबाईलमधून डिलीट करू नये. कधी, कुठं, कुणी काढली हे कागदावर लिहून तारीख टाकावी आणि पाहणाऱ्या दोघांच्या सह्या घ्याव्यात.

दारावर कॅमेरा लावताना तो आपल्या दाराकडं असावा, शेजाऱ्याच्या खिडकीत नको. कॅमेरा आहे हे सांगून लावावं. संशयातून लावलेला कॅमेरा संशयच वाढवतो.

धमकी, बदनामी किंवा धर्मावरून चिथावणी असेल तर शिरोली एमआयडीसी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तातडीची वेळ असेल तर ११२, ऑनलाइन पैशांची फसवणूक असेल तर १९३०. खोटी अफवा पसरवून समाजात तेढ लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ आणि १९६ खाली गुन्हा होऊ शकतो. हे कलम फॉरवर्ड करणाऱ्यालाही लागू शकतं, मग तो आपला असो वा त्यांचा.

हे काम व्यक्तीपेक्षा संस्थांनी उचललं तर लवकर होईल. शाहू महाराजांच्या पाठबळावर १९०६ मध्ये उभी राहिलेली कोल्हापूरची मुस्लिम बोर्डिंग ही शिकायला आलेल्या मुलांसाठी होती, पण तिनं शहरातल्या समाजांना एकत्र बसायची जागाही दिली. आज एमआयडीसीच्या आसपासच्या मशिदींच्या जमाती, तालमी, तरुण मंडळं, कामगारांच्या संघटना आणि उद्योजकांची संघटना यांनी मिळून महिन्यातून एकदा तासभर बसलं, मूळ फाइल कशी जपायची, खोटा व्हिडिओ आला तर कुणाला विचारायचं एवढं दहा-दहा पोरांना शिकवलं, तर ते एखाद्या मोर्चापेक्षा जास्त कामाला येईल. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आलं आहे. न्याय जवळ आला, पण तिथं जाताना हातात धड पुरावा आणि सोबत एक साक्षीदार लागेल.

पुढच्या वेळी दुपारच्या उन्हात एखादा घामाघूम पोरगा दारात उभा राहून विचारेल, "शेजारचं पार्सल ठेवून घेता का?" तर ठेवून घ्या. त्याचं नाव विचारण्याआधी पाणी विचारा. आणि संध्याकाळी ते पार्सल शेजाऱ्याला स्वतः नेऊन द्या, दोन शब्द बोला. उद्या कुठल्या तरी बारा सेकंदांच्या क्लिपमध्ये कुणी तुमच्याकडं बोट दाखवलं, तर "मी त्यांना ओळखतो, ते तसे नाहीत" हे सांगायला तोच शेजारी येईल.